घोषणेमागचा हिशेब कसा वाचावा

सरकारने कर कमी केला, अनुदान वाढवले, बुडणारी बँक सावरली किंवा व्याजदर खाली आणण्यासाठी मध्यवर्ती बँकेवर दबाव आणला, की त्या निर्णयाची किंमत कोणाला ना कोणाला मोजावी लागतेच. अडचण अशी की घोषणेच्या दिवशी ही किंमत दिसत नाही आणि पुष्कळदा ज्या खात्यात ती शोधायला जावे त्या खात्यात ती नोंदलेलीही नसते. म्हणून निर्णय बरा की वाईट हे ठरवण्याआधी त्याचा बोजा कुठे आणि केव्हा पडणार, याचा माग काढायला शिकावे. त्यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. अर्थसंकल्पाची कागदपत्रे, थोडे अंकगणित आणि दोन-तीन वर्षे थांबण्याची तयारी एवढे पुरते.

पहिल्यांदा हे पाहावे की निर्णयाचा खर्च एकदाच होणारा आहे की दरवर्षी होत राहणारा. पूल बांधायला एकदा मोठी रक्कम लागते आणि पुढे देखभालीचा खर्च राहतो, तर वाढवलेले निवृत्तिवेतन किंवा घटवलेला कर दरवर्षी तिजोरीतून तेवढीच रक्कम काढत राहतो. दिलेले परत काढून घेणे कोणत्याही सत्ताधाऱ्याला जड जाते, त्यामुळे ‘तात्पुरती’ म्हणून दिलेली सवलतही कायमचीच धरून हिशेब करावा, असे माझे मत आहे. श्रीलंकेत २०१९ च्या निवडणुकीनंतर नव्या सरकारने मूल्यवर्धित कराचा दर १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणला आणि इतरही काही कर रद्द केले. महसूल झपाट्याने घसरला, पतमानांकन (कर्ज फेडण्याच्या क्षमतेला मिळणारा दर्जा) उतरत गेले आणि परदेशी बाजारात नवे कर्ज मिळणे बंद झाले. त्यातच कोविडच्या साथीमुळे पर्यटनाचे उत्पन्न आटले आणि २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर घातलेल्या बंदीने शेतीचे नुकसान केले. एप्रिल २०२२ मध्ये देशाने परकीय कर्जाची परतफेड थांबवल्याचे जाहीर केले. या संकटाचे सारे खापर एकट्या करकपातीवर फोडणे चूक ठरेल, पण संकट आले तेव्हा हाताशी काही शिल्लक नव्हते, याचे एक मोठे कारण ती होती.

दुसरा प्रश्न पैसा कुठून येणार हा. उत्तरे मोजकीच असतात: दुसरा कर वाढवणे, दुसरा खर्च कापणे, सार्वजनिक मालमत्ता विकणे, कर्ज काढणे किंवा मध्यवर्ती बँकेकडून पैसा निर्माण करून घेणे. घोषणेत यांपैकी एकाचेही नाव नसेल, तर कर्ज गृहीत धरावे. ‘विकास झाला की महसूल आपोआप वाढेल’ हे उत्तर मिळाले तर अधिक सावध व्हावे, कारण वाढीतून थोडा महसूल परत येतो हे खरे असले तरी करकपात तेवढ्यानेच पूर्ण भरून निघाल्याची उदाहरणे विरळ आहेत.

कर्ज देणारेही हाच प्रश्न विचारतात. ब्रिटनच्या अर्थमंत्र्यांनी २३ सप्टेंबर २०२२ रोजी वर्षाला सुमारे ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली. पैसा कुठून येणार हे सांगितले गेले नाही आणि एरवी अशा वेळी प्रसिद्ध होणारा स्वतंत्र अर्थसंकल्पीय संस्थेचा अंदाजही सोबत नव्हता. बाजाराने आकड्याइतकाच या वगळण्याचाही अर्थ लावला. पौंड डॉलरच्या तुलनेत नीचांकी पातळीवर गेला आणि सरकारी रोख्यांच्या, म्हणजे सरकार कर्ज घेताना देते त्या कागदांच्या, किमती कोसळल्या, म्हणजेच नव्या कर्जासाठी सरकारला द्यावा लागणारा व्याजदर वाढला. अनेक निवृत्तिवेतन निधींनी हेच रोखे तारण ठेवून व्यवहार केले होते. किंमत पडताच त्यांच्याकडे जादा तारण मागितले गेले, ते उभे करण्यासाठी त्यांनी रोखे विकले आणि त्या विक्रीने किंमत आणखी पडली. हे चक्र थांबवायला २८ सप्टेंबर रोजी बँक ऑफ इंग्लंडला (ब्रिटनच्या मध्यवर्ती बँकेला) रोखेखरेदी सुरू करावी लागली. १४ ऑक्टोबरला अर्थमंत्री गेले, २० ऑक्टोबरला पंतप्रधानांनी राजीनामा जाहीर केला, आणि करकपातीचा बहुतेक भाग अमलात येण्याआधीच मागे घेतला गेला. कर प्रत्यक्षात फारसा घटलाच नाही, तरी गृहकर्जदारांना चढ्या व्याजाची झळ बसली ती बसलीच.

कर्जाचा बोजा पेलण्याजोगा आहे का, हे पाहण्यासाठी एक छोटे गणित हाताशी ठेवावे. समजा देशाचे वार्षिक उत्पन्न १०० आणि सरकारी कर्ज ८० आहे, आणि व्याज सोडून बाकीचा खर्च महसुलातून भागतो. व्याजदर ४ टक्के आणि चालू किमतींनुसार (महागाई धरून) उत्पन्नवाढ ६ टक्के असेल, तर वर्षाअखेर कर्ज ८३.२ आणि उत्पन्न १०६ होते. कर्ज आकड्यात वाढले, पण उत्पन्नाच्या तुलनेत ८० टक्क्यांवरून साधारण ७८.५ टक्क्यांवर उतरले. आता व्याजदर ८ आणि वाढ ३ टक्के धरा. कर्ज ८६.४, उत्पन्न १०३ आणि प्रमाण जवळपास ८४ टक्के. दोन्ही उदाहरणांत सरकारने एकही जादा रुपया, डॉलर किंवा पौंड उधळलेला नाही. (जुन्या रोख्यांवरील व्याज ठरलेले असल्याने खऱ्या आयुष्यात हा फरक एका वर्षात पूर्ण दिसत नाही, जुने रोखे फेडून नवे काढले जातात तसा तो दिसू लागतो.) वर्तमानपत्रे राजकोषीय तुटीच्या, म्हणजे सरकारचा खर्च उत्पन्नापेक्षा जितका जास्त त्या आकड्यावर भर देतात. मी मात्र आधी महसुलातला किती वाटा व्याजात जातो ते पाहतो, कारण तो वाटा वाढला की पुढच्या सरकारांच्या हातात निर्णय घ्यायला तेवढे कमी उरते.

यानंतर तुटीत न दिसणारी देणी शोधावीत. त्यांत हमी सर्वांत फसवी, कारण ती देताना तिजोरीतून काहीच जात नाही. ३० सप्टेंबर २००८ च्या पहाटे आयर्लंडच्या सरकारने देशातल्या सहा बँकांच्या ठेवी आणि बहुतेक कर्जांची हमी घेतली. हमीची रक्कम सुमारे ४४० अब्ज युरो, म्हणजे देशाच्या वार्षिक उत्पादनाच्या दुपटीहून अधिक होती. बँकांकडे रोखीची तात्पुरती चणचण आहे असा समज होता, प्रत्यक्षात घरबांधणीची कर्जे बुडालेली होती. हमीमुळे बँकांचे नुकसान सरकारच्या अंगावर आले. २०१० मध्ये तूट देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे ३२ टक्क्यांवर गेली आणि त्याच नोव्हेंबरमध्ये ८५ अब्ज युरोंचा मदत कार्यक्रम स्वीकारावा लागला. २००७ साली आयर्लंडचे सरकारी कर्ज उत्पादनाच्या पाव भागाइतके होते आणि अर्थसंकल्प शिलकीत दिसत होता, हे इथे मुद्दाम लक्षात ठेवावे. सार्वजनिक कंपन्यांची कर्जे हीदेखील याच जातीची देणी, आणि करसवलतींमुळे सोडून दिलेला महसूलही असाच नजरेआड राहतो. अर्थसंकल्पाच्या परिशिष्टांत हे सारे बहुधा सापडते आणि परिशिष्टे सहसा कोणी उघडत नाही.

काही निर्णय निर्णय म्हणून जाहीरच होत नाहीत. महागाई वाढत असताना करमुक्त उत्पन्नाची मर्यादा तीच ठेवली, की दर न वाढवताही कर वाढतो. ब्रिटनने २०२१ पासून ही मर्यादा १२,५७० पौंडांवर गोठवली आणि पगार फुगत गेले तसे अधिकाधिक लोक आपसूक कराच्या कक्षेत आले.

व्याजदर ठरवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हेही तपासावे. तुर्कस्तानात २०१९ ते २०२१ या काळात मध्यवर्ती बँकेचे तीन गव्हर्नर हटवले गेले. महागाई चढती असतानाही सप्टेंबर ते डिसेंबर २०२१ मध्ये व्याजदर १९ वरून १४ टक्क्यांवर आणला गेला. तिथले चलन लिरा गडगडले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिकृत महागाई ८५ टक्क्यांच्या वर गेली. मे २०२३ च्या निवडणुकीनंतर दिशा उलटली आणि मार्च २०२४ पर्यंत तोच दर ५० टक्क्यांवर नेला गेला. या तारखा निवडणुकीच्या तारखेशेजारी लिहून पाहाव्यात. लाभ मतदानाआधी आणि भुर्दंड मतदानानंतर असा क्रम दिसला, तर तो टिपून ठेवावा.

राजकारण नेहमी उधळपट्टीच करते असे मात्र नाही. नॉर्वेने तेलाचे उत्पन्न १९९० च्या कायद्याने स्थापलेल्या निधीत साठवायला सुरुवात केली, त्यात पहिली रक्कम १९९६ मध्ये जमा झाली आणि २००१ पासून दरवर्षी साधारण निधीच्या अपेक्षित परताव्याइतकाच पैसा अर्थसंकल्पात वापरण्याचा संकेत पाळला गेला. हा परतावा आधी ४ टक्के धरला जात असे, २०१७ मध्ये तो ३ टक्के धरण्यात आला. समोर साठलेल्या पैशाला हात न लावणे हाही राजकीय निर्णयच, आणि मतदारांना तो पटवणे सोपे नसते.

शेवटचे काम कंटाळवाणे आहे, तरी ते टाळू नये. निर्णयाच्या वर्षाचा मूळ अंदाज लिहून ठेवावा, वर्षभराने सुधारित अंदाज आणि त्यानंतर लेखापरीक्षित प्रत्यक्ष आकडा त्याच ओळीत मांडावा. ग्रीसमध्ये ऑक्टोबर २००९ च्या निवडणुकीनंतर नव्या सरकारने त्या वर्षाची तूट आधी सांगितल्याच्या जवळपास दुप्पट, म्हणजे उत्पादनाच्या १२ टक्क्यांहून अधिक असल्याचे सांगितले, आणि पुढच्या तपासणीत तो आकडा १५ टक्क्यांच्या वर गेला. ज्यांनी पहिला अंदाज वहीत उतरवून ठेवला होता, त्यांना तिन्ही आकडे एकाच ओळीत वाचता आले.