थंडीत बारमाही भाज्या जपताना या चुका टाळा

डिसेंबर लागला की अळू आखडतं, कढीपत्ता पिवळा पडून गळू लागतो, तोंडलीचा वेल काटक्या होऊन बसतो. ठाण्यात पारा १५ अंशांखाली क्वचितच उतरतो आणि एवढ्या गारठ्याने ही झाडं मरत नाहीत, वाढ थांबवून पडून राहतात. आपण घाबरतो आणि तिथेच घोळ होतो.

सगळ्यात जास्त झाडं जातात पाण्याने. मलूल दिसलं की तांब्याभर जास्त ओततो आपण. पण पानं कमी झालेली, त्यामुळे मुळं पाणी ओढत नाहीत. माती वरून कोरडी आणि तळाला चिखल, मग मुळं कुजतात. बोट दोन पेरं आत घाला. ओल लागली तर पाणी नको. द्यायचं ते सकाळीच. अळूला थोडी ओल हवीच, पण हळदीचा पाला वाळला की तिचं पाणी पूर्ण तोडा.

घोडबंदरला आमच्या गच्चीवर एका जानेवारीत पानं गेली म्हणून मी अळूचा अख्खा वाफा उकरला होता. खाली कांदे टणक, कोंबांसकट! फार वाईट वाटलं. आता काहीही उपटण्याआधी मी खात्री करते: कढीपत्त्याची साल नखाने खरवडायची, आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे.

दुसरी गोष्ट उन्हाची. डिसेंबरअखेर भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४७ अंश वर असतो. शेजारच्या टॉवरची सावली लांबते आणि दक्षिणेच्या कठड्यालगतच्या कुंड्या दिवसभर अंधारात राहतात. त्या विटांवर चढवा किंवा कठड्यापासून दूर सरकवा.

उत्तरेकडचे व्हिडिओ बघून प्लॅस्टिक पांघरू नका. आपल्याकडे दुपारी आत वाफ धरते आणि बुरशी येते. पालापाचोळ्याचा तीन बोटं थर पुरे, खोडाला मात्र चिकटवू नका. युरियाही आत्ता नको, कोवळी फूट आली की मावा कीड बसलीच. शेवग्याला कात्री लावायची ती शेंगा उतरल्यावर.

बांधकामाची धूळ पानांवर बसत असेल तर आठवड्यातून एकदा सकाळी पानं धुवा.

फेब्रुवारीत कढीपत्त्याला लालसर कोंब दिसले की प्रत्येक कुंडीत दोन मुठी गांडूळखत घाला आणि पाणी हळूहळू वाढवा.