हार रेखाटण्यापूर्वी : दागिन्यांच्या डिझाइनचा अभ्यास नागपुरात सुरू करणाऱ्यांसाठी

दागिन्यांच्या डिझाइनचा अभ्यासक्रम नुकताच सुरू केलेल्या विद्यार्थ्यांना माझे पहिले सांगणे असते की, हाराकडे आधी बांधणी म्हणून पाहायला शिकावे. तो कशावर ओवला आहे, कुठे वळतो, वजनाला किती भरेल आणि मानेमागे कसा बंद होतो, हे कागदावर दिसले नाही, तर रेखाटन कितीही देखणे असले तरी कारागीर ते बाजूला ठेवतो.

इतिहास वाचायचा तोही याच नजरेने. नागपूरकरांना त्यासाठी फार लांब जावे लागत नाही. शहराजवळच्या माहुरझरीत प्राचीन काळी अकीक, कार्नेलियन यांसारख्या कठीण दगडांचे मणी घडवले जात, आणि अशा मण्यांत खरे कौशल्य भोक पाडण्यात असते. जुने कारागीर बहुधा दोन्ही टोकांकडून छिद्र पाडत आणि ते मध्ये जुळवत. १८६३ साली स्थापन झालेल्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात, वही घेऊन जावे आणि तिथल्या शिल्पांच्या गळ्यातले हार छातीवर कसे उतरतात, कुठे दुमडतात, एवढेच रेखाटावे.

पारंपरिक मराठी दागिन्यांपैकी बोरमाळेवर मी सर्वांत जास्त वेळ घालवला, आणि तुम्हीही घालवावा असे मला मनापासून वाटते. आठ मिलिमीटर व्यासाचा भरीव मणी २२ कॅरेट सोन्यात घडवला तर तो सुमारे पावणेपाच ग्रॅमचा होतो. अशा चाळीस मण्यांची माळ १९० ग्रॅमच्या, म्हणजे जुन्या (सुमारे ११.६६ ग्रॅमच्या) तोळ्याने सोळा तोळ्यांच्या वर जाईल. ती ना परवडेल, ना दिवसभर गळ्यात वागवता येईल. म्हणून जुन्या सोनारांनी पातळ पत्र्याचे पोकळ मणी करून आत लाख भरली. मणी चेपत नाही, माळ भरदार दिसते आणि सोने थोडक्यात भागते. ठुशीचा प्रश्न वेगळा आहे. ती गळ्यालगत बसायची असल्याने मणी बारीक व दाट, आणि मागे लांबी कमीजास्त करणारा सरकता गोंडा. या दोन दागिन्यांची बांधणी समजली की आजचा चोकर किंवा लांब हार आखताना निम्मे निर्णय आपोआप सुचतात.

इतवारीच्या सराफ्यात एखाद्या कारागिराजवळ बसायची परवानगी मिळाली, तर सुट्ट्या तिथेच घालवाव्यात. डाग देताना, म्हणजे भाग तापवून जोडताना, नाजूक तार कशी वितळू शकते, हे पुस्तकातून कळत नाही. पटवेकऱ्याचे कामही पाहावे; दागिना गाठवणारा हा माणूस अभ्यासक्रमात क्वचितच भेटतो.

संगणकावरचे डिझाइन शिकणे आता अटळ आहे. मात्र पडद्यावर प्रत्येक जोड मजबूत दिसतो, त्यामुळे पत्र्याची जाडी आणि अंदाजे वजन लिहिण्याची सवय सुरुवातीपासून लावावी. हॉलमार्कची, म्हणजे सोन्याच्या शुद्धतेच्या शिक्क्याचीही माहिती हवी : २२ कॅरेटसाठी ९१६, १८ कॅरेटसाठी ७५०, आणि १ एप्रिल २०२३ पासून विक्रीसाठी एचयूआयडी, म्हणजे अक्षरे व अंक मिळून सहा चिन्हांचा प्रत्येक दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक.

नोकरीसाठी कामांचा संच तयार करताना पन्नास सुंदर चित्रांपेक्षा पाच हार पूर्ण दाखवावेत. प्रत्येकाचे समोरचे व मागचे दृश्य, लांबी, कडीचा प्रकार, अंदाजे वजन आणि घडणावळ वाढवणारे भाग त्यात असावेत. मुलाखतीत अनुभवी सराफ सर्वांत आधी मागची बाजूच पाहतो.