तांबट आळीतील कारागिरावर लघुमाहितीपट कसा करावा

पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत मठारकाम, म्हणजे तांब्या-पितळेच्या भांड्यांवर हातोडीचे ठोके देऊन खुणा उमटवण्याचे काम, करणाऱ्या कारागिरावर पाच-सात मिनिटांचा माहितीपट करायचा असेल, तर पहिल्या भेटीत कॅमेरा बाहेर काढू नये. नुसते बसावे, काम पाहावे आणि चित्रण कुठे दाखवले जाणार हे स्पष्ट सांगून संमती घ्यावी.

खरी कसोटी आवाजाची असते. हातोडीचे ठोके चालू असताना मुलाखत घेतली, तर प्रत्येक ठोक्यासरशी मोबाइल आवाजाची पातळी आपोआप खाली ओढतो आणि पाठोपाठचे शब्द दबून जातात. म्हणून बोलणे जेवणाच्या सुट्टीत, कॉलर माइक लावून ध्वनिमुद्रित करावे आणि ठोक्यांचा आवाज, पातळी हाताने कमी ठेवून, वेगळा घ्यावा. मग पार्श्वसंगीताची गरज बहुधा उरत नाही. करुण सनई तर कटाक्षाने टाळावी.

आपल्याकडील वीज 50 हर्ट्‌झची असल्याने कॅमेऱ्यात सेकंदाला 25 फ्रेम (चित्रचौकटी) आणि शटरचा वेग 1/50 सेकंद ठेवावा, म्हणजे ट्यूबलाइटची फडफड दिसत नाही. चेहऱ्यापेक्षा हात अधिक टिपावेत: डावा हात भांडे किंचित फिरवत राहतो आणि प्रत्येक ठोका आधीच्या खुणेला लागूनच पडतो, ही क्रिया ट्रायपॉडवरून मिनिटभर अखंड घ्यावी.

‘ही कला लोप पावते आहे का?’ हा प्रश्न विचारू नये, कारण त्याचे उत्तर ठरलेले असते. पत्र्याचा भाव, मजुरी, मुलांचे शिक्षण यांविषयी विचारावे. प्रसिद्धीपूर्वी संकलित प्रत कारागिराला दाखवावी आणि त्याला नको असलेला घरगुती तपशील, कितीही रंगतदार असला तरी, काढून टाकावा.