तहकूब ठेवलेला ठराव पुन्हा चर्चेला कसा घ्यावा

अमेरिकेतील संस्थांच्या घटनेत ‘सभेचे कामकाज रॉबर्ट्स रूल्स ऑफ ऑर्डरप्रमाणे चालेल’ असे कलम पुष्कळदा असते. लष्करी अभियंता हेन्री रॉबर्ट यांनी हे नियम प्रथम १८७६ मध्ये प्रसिद्ध केले. तेथील एखाद्या मराठी मंडळाने ते स्वीकारले असतील, तर तहकूब ठराव नव्याने मांडायचा नसतो, तो जिथे थांबला होता तिथूनच पुढे चालतो, हे अध्यक्षांनी पक्के लक्षात ठेवावे.

सुरुवात तहकुबीच्या वेळेपासूनच होते. ठराव पुढे ढकलण्याच्या सूचनेला अनुमोदन लागते. तिच्यावर बोलताना ठराव पुढे ढकलावा की नाही आणि कधीपर्यंत, एवढ्यापुरतेच बोलावे. मूळ ठरावाच्या गुणदोषांत कोणी शिरू लागल्यास अध्यक्षांनी त्यांना तिथेच थांबवावे. सूचना साध्या बहुमताने संमत होते. नियमित सभा दर तीन महिन्यांनी किंवा त्याहून लवकर होत असतील, तर ठराव फार तर पुढच्या सभेपर्यंत तहकूब ठेवता येतो. ‘बेमुदत तहकुबी’च्या सूचनेवर मात्र मूळ ठरावाचीही चर्चा करता येते, कारण ती संमत झाली की तो ठराव त्या सभेपुरता निकालात निघतो.

यानंतरचे काम कार्यवाहांचे असून माझ्या मते तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. ठरावाचे नेमके शब्द, तो कोणत्या सभेपर्यंत तहकूब आहे आणि कोणती उपसूचना अनिर्णित आहे, या तिन्ही गोष्टी इतिवृत्तात असाव्यात. समजा, ‘मंडळाने ढोल-ताशे विकत घ्यावेत’ असा ठराव होता आणि ‘खर्च ५,००० डॉलरपेक्षा अधिक नसावा’ ही उपसूचना चर्चेत असतानाच तहकुबी झाली. अशा वेळी उपसूचनाही ठरावाबरोबरच परत येते आणि आधी तिचाच निर्णय करावा लागतो.

पुढच्या सभेत, अपूर्ण राहिलेले कामकाज आटोपल्यावर, अध्यक्षांनी स्वतःहून म्हणावे: “ढोल-ताशे खरेदीचा ठराव मागील सभेत आजच्या सभेपर्यंत तहकूब ठेवला होता. खर्चमर्यादेची उपसूचना आता चर्चेसाठी खुली आहे.” नव्या सूचकाची किंवा अनुमोदकाची गरज नसते. मूळ सूचक गैरहजर असले तरी कामकाज अडत नाही, कारण अध्यक्षांनी ठराव एकदा सभेपुढे ठेवला की तो सभेचा होतो. ठरलेल्या वेळेआधी विषय घ्यायचा असेल, तर दोन तृतीयांश मते लागतात.

चर्चेत प्रत्येक सभासदाला एका प्रश्नावर एका दिवसात दोनदा, प्रत्येक वेळी १० मिनिटांपर्यंत बोलता येते. सभा दुसऱ्या दिवशी असल्यास ही मोजणी नव्याने सुरू होते, म्हणजे मागच्या सभेत दोनदा बोललेल्या सभासदालाही पुन्हा संधी मिळते. विषय त्याच दिवशी परत आला, तर आधीची भाषणे धरली जातात. जे अजून बोललेले नाहीत त्यांना आधी संधी द्यावी आणि शक्यतो एक अनुकूल, एक प्रतिकूल असा क्रम ठेवावा. बोलणाऱ्याने अध्यक्षांना उद्देशून बोलावे आणि कोणाच्या हेतूंवर शंका घेऊ नये.

चर्चा लांबल्यास ती थांबवून लगेच मत घेण्याची सूचना कोणीही मांडू शकतो. तिला अनुमोदन लागते, तिच्यावर चर्चा होत नाही आणि ती दोन तृतीयांश मतांनीच संमत होते. त्यानंतर उपसूचनेवर आणि मग ठरावावर मत घेऊन अध्यक्षांनी निकाल जाहीर करावा.