एसयूव्ही मुंबईत चालवताना: कोणतं बटण कधी, कोणतं कधीच नाही

उंच गाडीत बसलं की रस्ता आपल्या बापाचा वाटू लागतो. पुढच्या रिक्षाच्या टपावरून पलीकडचा सिग्नल दिसतो, खड्डे फारसे जाणवत नाहीत, बाजूचे हॅचबॅकवाले आपोआप अंग चोरतात. पण लांबचं दाखवणारी ही उंची जवळचं लपवते. बॉनेटच्या अगदी पुढे उभं असलेलं लहान मूल ड्रायव्हरला दिसत नाही. डाव्या चाकाशी घुसलेला डिलिव्हरीवाला दिसत नाही. शिवाय गाडीचा भार वरच्या अंगाला, त्यामुळे वेगात स्टेअरिंग झटक्यात फिरवलं तर ती सेडानपेक्षा लवकर तोल सोडते.

गाडी ताब्यात घेताना हार घातला जातो, नारळ फुटतो, चाकाखाली लिंबू ठेवलं जातं आणि सेल्समन हौसेने सनरूफ उघडून दाखवतो. हेडलाइटचा झोत खाली करायची चकती कुठे आहे, हे सहसा कुणी सांगत नाही. म्हणून पहिल्या रविवारी सोसायटीच्या आवारात गाडी उभी करून, मॅन्युअल मांडीवर घेऊन तासभर बसा. वायपर, डिपर, काचेवरची हवा, चारही इंडिकेटर एकदम लावायचं लाल त्रिकोणाचं बटण, हॉर्न: हे सगळं नजर रस्त्यावर ठेवून हाताला सापडलं पाहिजे. टचस्क्रीनमध्ये तीन पायऱ्या उतरून जे सापडतं, ते चालत्या गाडीत वापरायचं नाही. शेजारी बसलेल्याला सांगा, नाहीतर गाडी कडेला घ्या.

निघण्याआधी: सीट, आरसे, बेल्ट

आधी सीट. ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहायला हवा. खांदे पाठीला टेकवून हात पुढे केला की मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर आलं पाहिजे. छाती आणि स्टेअरिंग यांत किमान २५ सेंटिमीटर अंतर ठेवा, कारण एअरबॅगला उघडायला तेवढी जागा लागते. बुटक्या माणसांनी पुढे सरकण्यापेक्षा सीट वर घ्यावी. हेडरेस्टचं वरचं टोक डोक्याच्या माथ्याशी आणा. बहुतेक गाड्यांत ते मानेशी घसरलेलं असतं आणि मागून धक्का बसला की मानेला झटका देतं.

बाजूच्या आरशांत बहुतेकजण आपल्याच गाडीचा दरवाजा बघत बसतात. डोकं उजव्या काचेला टेकवा आणि उजवा आरसा असा बाहेर वळवा की आपल्या गाडीची कड जेमतेम दिसेल. मग डोकं गाडीच्या मध्यावर आणून डावा आरसाही तसाच लावा. सरळ बसल्यावर आपली गाडी दिसणार नाही, पण मघाशी लपलेली दुचाकी दिसेल. तरीही वळताना मान फिरवून बघायचंच. पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब एसयूव्हीत जाड असतात आणि रस्ता ओलांडणारं अख्खं माणूस त्यांच्याआड जातं. उजवीकडे वळताना थोडं पुढे-मागे झुकून खांबापलीकडे बघायची सवय लावून घ्या.

बेल्टबद्दल मुंबईकरांना अजून सांगावं लागतं, हे खरं तर नवलच. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. मागे बसलेले दोघेही गेले, पुढचे दोघे वाचले. मागच्यांनी बेल्ट लावला नव्हता, असं तपासात पुढे आलं. त्यानंतर १ नोव्हेंबर २०२२ पासून मुंबईत मागच्यांनाही बेल्ट सक्तीचा झाला. दंड १,००० रुपये. पट्टा खांद्याच्या हाडावरून आणि कमरेच्या हाडावरून जायला हवा, पोटावरून नाही. गरोदर बाईने खालचा पट्टा पोटाच्या खालून घ्यावा. आणि बीप-बीप बंद करायला बाजारात जे नुसतं बक्कल मिळतं, ते खोचू नका. बेल्ट न लावता एअरबॅग उघडली तर तीच तोंडावर आदळते.

मुलांसाठी मागच्या सीटवर आयसोफिक्सचे, म्हणजे बाळाची सीट अडकवायचे, हूक असतात. बाळाची सीट तिथेच बसवा. मागे तोंड करून बसवायची सीट चालू एअरबॅगसमोर पुढे कधीच लावू नये. मागच्या दारांचा चाइल्ड लॉक दाराच्या कडेला, दार उघडल्यावर दिसतो. काचा बंद करायचं कुलूप ड्रायव्हरच्या दारावर असतं. सनरूफमधून मुलांनी बाहेर डोकावणं हा फोटोसाठी केलेला वेडेपणा आहे. ब्रेक लागला की छताची कड थेट बरगड्यांवर येते.

दिवे

एसयूव्हीचे दिवे उंचावर असतात, म्हणून समोरच्याच्या डोळ्यांत तेच आधी घुसतात. स्टेअरिंगच्या डावीकडे किंवा उजवीकडे डॅशबोर्डवर ०, १, २, ३ असे आकडे असलेली चकती शोधा. मागे माणसं, सामान भरलं की गाडीचं नाक वर होतं आणि लो बीमसुद्धा हाय बीमसारखा लागतो. तेव्हा आकडा वाढवा, झोत खाली येईल. काही नव्या गाड्यांत हे आपोआप होतं, त्यांत चकती नसते. शहरात हाय बीम लागत नाही. डिपर मारून ‘मी येतोय’ म्हणणं आणि तो कायम लावून ठेवणं यांत फरक आहे.

मुसळधार पावसात चारही इंडिकेटर लावून गाडी पळवायची पद्धत आपल्याकडे पडली आहे. ती चुकीची आहे. तुम्ही लेन बदलताय की थांबलाय, हे मागच्याला कळत नाही आणि बऱ्याच गाड्यांत वळायचा इंडिकेटरही मग दिसत नाही. पावसात आणि धुक्यात लो बीम लावा, पुढचे फॉग लॅम्प लावा. मागचा लाल फॉग लॅम्प फक्त दाट धुक्यात, आणि धुकं सरताच बंद. लाल त्रिकोण गाडी बंद पडली किंवा कडेला थांबवली तरच.

काचेवरचं धुकं

ऑगस्टमध्ये पश्चिम द्रुतगती मार्गावर पावसात अडकलेल्या प्रत्येक चौथ्या गाडीत एक माणूस रुमालाने काच पुसताना दिसेल. पुसून काही होत नाही, उलट तेलकट ओरखडे राहतात आणि रात्री समोरचे दिवे त्यांत फुटतात. आधी बोटाने काचेला हात लावून बघा, बाष्प आतून आहे की बाहेरून.

आतून असेल तर एसी चालू करा, हवा पुढच्या काचेवर सोडा आणि आतली हवा फिरवायचं बटण बंद करून बाहेरची हवा घ्या. एसी हवेतला ओलावा काढतो, म्हणून थंडी वाजली तर तापमान वाढवा, एसी बंद करू नका. पाच ओल्या माणसांच्या श्वासाने भरलेली हवा तीच तीच फिरवत राहिलात तर काच साफ होणार नाही.

बाहेरून असेल तर खेळ उलटा. काच एसीने इतकी गार झालेली असते की बाहेरची दमट हवा तिच्यावर जमते, थंड ताकाच्या पेल्यावर जमते तशी. वायपर एकदा मारा, काचेवरची गार हवा काढून पायांकडे वळवा आणि तापमान दोन-तीन अंशांनी वाढवा. मागच्या काचेला तारांचा डिफॉगर असतो आणि बहुतेक एसयूव्हींना मागे वायपरही. जूनच्या आधी दोन्ही वायपरचे रबर बदलून घ्या. रिव्हर्स कॅमेऱ्याची काच मात्र बोटानेच पुसावी लागते.

शहरातला चढ आणि गर्दी

वाळकेश्वरचा चढ, पाली हिल, किंवा उड्डाणपुलावर चढतानाच लागलेली रांग. इथे हिल होल्ड कामाला येतो, पण त्याचा भरवसा दोन-तीन सेकंदांपुरताच. ब्रेकवरून पाय काढल्यावर तेवढाच वेळ तो गाडी धरून ठेवतो. मॅन्युअल गाडीत मागे दुचाकी चिकटलेली असेल तर सरळ हँडब्रेक ओढा, क्लचवर गाडी उचलू लागली की सोडा. ऑटो होल्ड वेगळा: तो ॲक्सिलरेटर दाबेपर्यंत गाडी धरतो, म्हणून सिग्नलवर सुखाचा. पण तो हँडब्रेक नव्हे. खाली उतरण्याआधी हँडब्रेक आणि गिअरचा पी (पार्किंग), दोन्ही लागले पाहिजेत. चिंचोळ्या पार्किंगमध्ये इंच-इंच सरकवायची असेल तर ऑटो होल्ड बंद करा, नाहीतर गाडी अडून अडून उडी मारते.

अडास, म्हणजे कॅमेरा-रडारने ड्रायव्हरला मदत करणाऱ्या यंत्रणा असलेल्या गाड्यांचं काय करायचं? आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा चालू ठेवावी, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र मुंबईत समोर दुचाकी आडवी शिरली की ती करकचून ब्रेक मारते आणि मागचा बेस्ट बसचा ड्रायव्हर त्याला तयार नसतो, हे लक्षात ठेवून एक डोळा आरशावर हवा. लेनमध्ये ठेवणारी यंत्रणा शहरात बंदच बरी. पुसलेले पट्टे आणि मेट्रोच्या कामाचे पत्रे यांत ती गोंधळते आणि स्टेअरिंगशी ओढाताण करते. पुष्कळ गाड्यांत ती प्रत्येक वेळी गाडी सुरू केल्यावर पुन्हा चालू होते, तेव्हा निघतानाच बघून घ्या.

क्रूझ कंट्रोल, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता ठरवलेला वेग धरणारी सोय, अटल सेतूवर किंवा द्रुतगती मार्गाच्या सपाट भागावर, तेही कोरड्या रस्त्यावर. पावसात कधीच नाही, टायर पाण्यावर तरंगला तरी तो वेग धरून ठेवायला बघतो. किनारी रस्त्यावर मात्र वेगमर्यादेची सूचना लावून ठेवा. सरळ पट्ट्यात ताशी ८० किलोमीटर, बोगद्यात ६० आणि वळणांवर ४०, अशी मर्यादा ठेवलेली आहे. शांत केबिनमध्ये बोगद्यातले ८० हे ५० सारखे वाटतात.

साचलेलं पाणी

हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे. नावं सांगितली की पुढचं सांगायला नको. एसयूव्हीवाल्यांचा घोळ इथेच होतो, कारण हॅचबॅक थांबलेली दिसली की त्यांना हुरूप येतो. सबवे बंद केला असेल तर बॅरिकेड सरकवून आत जायचं नाही. बाकी ठिकाणी पाणी मोजायचं साधन समोरच असतं: दुभाजकाचा दगड, उभ्या गाडीचं चाक. अर्ध्या चाकाच्या वर पाणी असेल तर वळा. तुमच्या गाडीची पाण्यात चालायची मर्यादा मॅन्युअलमध्ये मिलिमीटरमध्ये दिलेली असेल, पण ती संथ पाण्यातली. वाहतं पाणी दोन फूट असलं तरी एसयूव्हीसुद्धा उचलली जाऊ शकते.

जायचंच असेल तर आधी एसी बंद, काचा खाली, दारांचं लॉक उघडं. पहिला गिअर, ऑटोमॅटिकमध्ये मॅन्युअल मोड करून पहिला. आर.पी.एम. (इंजिनचे फेरे) एकसारखे ठेवून चालत्या माणसाच्या वेगाने जा, मध्ये गिअर बदलू नका, थांबू नका. पुढची गाडी पूर्ण बाहेर पडल्यावरच आत उतरा. बस उलट दिशेने येत असेल तर थांबा, तिची लाट बॉनेटवरून जाते. बाहेर आलात की हलके हलके ब्रेक दाबत थोडं अंतर चाला, म्हणजे ब्रेक वाळतील.

गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर पिस्टन पाणी दाबू शकत नाही, आणि मग कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन उघडण्याचा खर्च त्या एका सेल्फमध्ये आहे. उतरा आणि गाडी ढकलून किंवा टो करून काढा. पाणी चढत असेल तर गाडीचा विचार सोडा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी बंद गाड्यांत गुदमरून माणसं गेली. काच उतरत नसेल तर बाजूच्या काचेच्या कोपऱ्यात छोट्या हातोडीने मारा. पुढच्या काचेवर ताकद घालवू नका, ती थरांची असते, तडकते पण फुटून पडत नाही. हातोडी डिकीत नको, हाताला लागेल तिथे ठेवा. हेडरेस्ट काढून काच फोडायचा व्हॉट्सॲपवरचा सल्ला ऐनवेळी कामाला येईलच असं नाही, कित्येक गाड्यांत तो निघतच नाही.

घाट आणि फोर बाय फोर

लोणावळ्याहून खोपोलीकडे उतरताना न्यूट्रल करू नका. पेट्रोल वाचत नाही, आणि जड गाडीचा सगळा भार ब्रेकवर पडून ते तापतात, पेडल मऊ लागू लागतं. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच्या आसपासच्या गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिकमध्ये गिअरच्या दांड्यावरचे एम, एस किंवा एल. उतारावर आपोआप वेग आवरणारा हिल डिसेंट कंट्रोल हा खडबडीत, सरपटत उतरायच्या वाटेसाठी आहे, घाटातल्या डांबरी रस्त्यासाठी नाही.

फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देता येणारी गाडी असेल तर साधारण नियम असा: कोरड्या डांबरावर टू एच, म्हणजे दोनच चाकांना ताकद. पार्टटाइम यंत्रणेत (जिथे चारही चाकं आपण हवी तेव्हा जोडतो) फोर एच, म्हणजे चारही चाकांना ताकद, लावून कोरड्या रस्त्यावर वळलात तर पुढची-मागची चाकं वेगळ्या अंतराने फिरू पाहतात, ती फिरू शकत नाहीत आणि गिअरमध्ये ताण साठतो. फोर एल, म्हणजे चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर, गाडी थांबवून, न्यूट्रलमध्ये टाकून मगच. घसरणाऱ्या गाडीचं चित्र असलेलं ईएसपीचं (गाडीचं घसरणं आवरणाऱ्या यंत्रणेचं) बटण फक्त चिखलात किंवा वाळूत रुतल्यावर बंद करायचं, बाहेर येताच चालू. समुद्राच्या ओल्या वाळूवर गाडी नेऊच नका. भरती चढली की फोर एलही हात टेकतो.

उभी करताना

ऑटोमॅटिकमध्ये क्रम असा: पायाने ब्रेक, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक, ब्रेक हळूच सोडून गाडी हँडब्रेकवर बसू द्या, मग पुन्हा ब्रेक दाबून पी. उलटं केलंत तर उतारावर गाडीचा सगळा भार पी-च्या छोट्या खिट्टीवर येतो आणि दुसऱ्या दिवशी गिअर ‘खट्’ करून निघतो. बटणाने सुरू होणाऱ्या गाड्या इतक्या शांत असतात की इंजिन चालूच ठेवून लोक लिफ्टकडे निघतात. बंद तळघरात धुराने जीव जाऊ शकतो, म्हणून डॅशबोर्ड काळा झाला की नाही ते बघूनच दार लावा.

मुंबईच्या नव्या इमारतींत गाड्या एकावर एक चढवणारं पार्किंग असतं. तिथे उंची आणि वजनाची मर्यादा पाटीवर लिहिलेली असते. ती तुमच्या गाडीच्या आकड्यांशी आधी जुळवा आणि छतावर कॅरियर असेल तर त्याची उंचीही धरा. वॉचमन ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणत असला तरी सेन्सर सलग वाजू लागला की थांबायचं. सगळ्यांना आणि सामानाला बाहेरच उतरवा, मग गाडी पॅलेटवर (वर-खाली होणाऱ्या लोखंडी पाटावर) घ्या, आरसे मिटा, अँटेना खाली करा, हँडब्रेक लावा. बाहेर येऊन आत कुणी मूल राहिलं नाही ना, हे मागच्या सीटवर वाकून बघा आणि मगच ऑपरेटरला हात करा.