पक्ष्यांच्या नक्षीचा जुना भिंतीचा कागद लाकडी ठशांनी पुन्हा कसा छापावा

बेळगावच्या कॅम्पातील एका जुन्या बंगल्याची दुरुस्ती चालू असताना भिंतीला खेटून असलेले कपाट हलवले, तेव्हा त्यामागे वीत-दीड वीत कागद शिल्लक सापडला. वेलीवर बसलेला एक पक्षी त्यावर होता. शेपटी शाबूत होती, पण डोक्याचा अर्धा भाग पोपड्याबरोबर गळून गेला होता. तेवढ्या तुकड्यावरून अख्ख्या खोलीचा कागद नव्याने छापताना मला एक गोष्ट पक्की कळली, ती ही की पक्षी कोरणे त्या मानाने सोपे असते, खरा कस एक ठसा दुसऱ्याला मिळतो त्या सांध्यात लागतो.

जुना तुकडा खरवडून काढू नये. त्यातील हिरवा रंग आर्सेनिकचा असू शकतो, कारण एकोणिसाव्या शतकातील कागदांत असे हिरवे रंग सर्रास वापरले जात. म्हणून हातमोजे आणि मास्क घालावा आणि त्या भागावर पॉलिशपेपर अजिबात चालवू नये. तुकड्यावर पातळ पारदर्शक कागद हलकेच धरून मऊ पेन्सिलीने रेषा उतरवाव्यात आणि एका बाजूने तिरका प्रकाश टाकून छायाचित्रे घ्यावीत, म्हणजे ठशाच्या कडेला साचलेल्या रंगाची बारीक कड उठून दिसते आणि कोणता रंग कोणत्या रंगावर पडला आहे हे समजते. ठशाच्या कोपऱ्यातील खिळ्यांचे ठिपके सापडले, तर ते आधी मोजून घ्यावेत, कारण ठसा कोठे संपतो हे तेच सांगतात. हरवलेल्या डोक्याच्या जागी आपल्या परसातला बुलबुल बसवण्याचा मोह होतो. तो टाळावा, त्याच घरात, स्विचबोर्डाच्या किंवा चौकटीच्या मागे, दुसरा तुकडा सापडतो का ते आधी पाहावे.

त्यानंतर नक्षीची आवृत्ती, म्हणजे जेवढा भाग पुन्हा पुन्हा येतो तो, आलेख कागदावर मांडावी. शहापूर-वडगावच्या विणकरांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही, कारण किनारीची नक्षी मांडताना हाच हिशेब त्यांच्या हाती असतो. जुन्या इंग्रजी कागदाची छापील रुंदी बहुधा २१ इंच, म्हणजे सुमारे ५३ सेंटीमीटर असे. तेवढा अखंड ठसा एकट्याच्या हाताला जड जातो, म्हणून रुंदीचे दोन भाग करावेत, मात्र विभागणीची रेषा पक्ष्याच्या अंगावरून कधीही नेऊ नये; ती पानांच्या गर्दीत किंवा जाळीच्या पट्टीवर पडावी. इंग्रज नक्षीकार विल्यम मॉरिस यांनी १८६२ मध्ये रेखाटलेला आणि १८६४ मध्ये बाजारात आलेला ‘ट्रेलिस’ हा कागद या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. त्यातील पक्षी वास्तुविशारद फिलिप वेब यांनी काढले होते, आणि गुलाबाच्या वेली चढलेली चौकटींची जाळी इतकी ठाम आहे की नजर सांध्यावर अडकतच नाही.

ठशासाठी शिसव किंवा जुना, पुरता वाळलेला साग घ्यावा. गोकाकच्या खेळण्यांचे हलके लाकूड त्या कामाला उत्तम असले, तरी ठशाची बारीक कड त्यात टिकत नाही. जाडी चार-पाच सेंटीमीटर असावी, रंध्याने पृष्ठभाग अगदी सपाट करावा, चित्र उलटे उतरवावे आणि पटाशीने नको असलेला भाग सहा ते आठ मिलिमीटर खोल काढावा. प्रत्येक रंगाला स्वतंत्र ठसा लागतो. पाय, चोच आणि पिसांच्या रेषा लाकडात ठेवल्या तर चार दिवसांत तुटतात, म्हणून जुने कारागीर तेथे पितळी पट्टी ठोकत. डोळ्यासाठी एकच पितळी खिळा घ्यावा आणि त्याचे डोके कानशीने घासून ठशाच्या पातळीला आणावे. केसभर उंच राहिला तर डोळ्याच्या जागी कागदाला भोक पडते, खाली राहिला तर पक्षी आंधळा उमटतो. कोरलेला ठसा काही दिवस तेलात मुरवावा.

रंग डिस्टेंपरचा. खडूची बारीक पूड रात्रभर पाण्यात भिजवावी, त्यात पिवडी (पिवळी माती), हिरमुंजी (तांबडी माती), काजळी किंवा अल्ट्रामरीन निळा पाण्यात घोटून मिसळावा आणि बांधणीसाठी कोमट सरस घालावा. सरसाचे प्रमाण एकास दहा पाणी येथून सुरू करावे आणि तुकड्यावर वाळवून पाहावे: बोटाला रंग लागला तर सरस कमी आहे, वाळताना तडकला तर जास्त. ओला रंग पाहून छटा ठरवू नये, कारण वाळल्यावर तो बराच फिका होतो. भिंत चुन्याची असेल, तर प्रशियन निळा टाळावा. चुन्याच्या क्षाराने तो मरतो. थंडीच्या सकाळी सरस गोठतो, म्हणून रंगाचे भांडे गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवावे.

कागद जाडसर आणि न चकाकणारा घ्यावा, रुंद ब्रशने त्यावर आधी जमिनीचा, म्हणजे नक्षीमागचा, रंग द्यावा आणि तो पुरता वाळू द्यावा. टेबलावर घोंगडीचे दोन-तीन पदर आणि त्यावर ताणलेले सुती कापड अंथरावे. तबकात भिजलेल्या बनातीवर (जाड लोकरी कापडावर) रंग पसरून ठसा त्यावर टेकवावा, त्याच्या कोपऱ्यातील खिळे आधीच्या ठशाच्या ठिपक्यांवर जुळवून तो सरळ खाली ठेवावा आणि मूठ मारून दाबावा. उचलताना तो कललाच तर कड पुसते. आधी फिके, मग गडद रंग छापावेत आणि दोन रंगांच्या मध्ये पूर्ण वाळू द्यावे. हलका चढ-उतार राहिला तर बिघडत नाही, हाताच्या कामाची ती खूण आहे. ठिपक्यावरून सरकलेला ठसा मात्र मान्य करू नये, कारण एक मिलिमीटरची चूक दहाव्या ठशाला सेंटीमीटरभर होते.

खानापूरकडच्या पावसात भिंती महिनोन्‌महिने ओल धरतात, त्यामुळे चिकटवण्याचे काम दिवाळी आणि होळीच्या दरम्यानच करावे. मैद्याच्या खळीत कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालतात; ते विषारी आहे, त्यामुळे त्याचे भांडे स्वयंपाकघरात परत नेऊ नये. पहिली पट्टी ओळंब्याने लावावी, मधून कडांकडे कोरड्या ब्रशने सपाट करावी. खळ दर्शनी बाजूला लागली तर ओल्या फडक्याने पुसू नये, कारण डिस्टेंपर पाण्याने निघतो. ती वाळू द्यावी आणि मऊ ब्रशने अलगद झाडावी. दोन पट्ट्या जास्तीच्या छापून गुंडाळून ठेवाव्यात आणि त्यांच्या मागे प्रत्येक रंगाचे प्रमाण पेन्सिलीने लिहावे.