फ्लॅश चिप बदलण्याआधी या चुका टाळा

वागळे इस्टेटमध्ये किंवा रबाळे एमआयडीसीत मशीनवर डेटा लॉगर (मोजमापांची वेळोवेळी नोंद ठेवणारं यंत्र) बसवला की थोड्याच दिवसांत तक्रार येते : ‘रेकॉर्ड बिघडले, चिप बदला.’ डब्ल्यू२५क्यू६४सारखी एसपीआय फ्लॅश (वीज गेली तरी डेटा जपणारी आणि एसपीआय या मोजक्या तारांच्या जोडणीने कंट्रोलरशी बोलणारी मेमरी चिप) इतक्या सहजी मरत नाही. सोल्डरिंग गन हातात घेण्याआधी ९एफ कमांड (इथले सगळे कोड हेक्समधले) देऊन आयडी वाचा. ईएफ, ४०, १७ आलं तर चिप बोलतेय. नुसते शून्य किंवा नुसते एफएफ आले तर वायरिंग, सीएस पिन (चिप निवडणारी पिन) आणि एसपीआय मोड (क्लॉकची पद्धत) पाहा. ही चिप मोड ० आणि ३ मध्येच चालते.

५ व्होल्टच्या अर्डुइनो उनोला ती थेट जोडू नका, मध्ये लेव्हल शिफ्टर (सिग्नलचं व्होल्टेज जुळवणारं सर्किट) हवाच. चिपचा सप्लाय २.७ ते ३.६ व्होल्ट. सीएस, डब्ल्यूपी (लिहिणं रोखणारी) आणि होल्ड (काम थांबवून धरणारी) या पिनांना १० किलोओहमचे पुल-अप (पिन सप्लायकडे ओढून धरणारे रेझिस्टर) द्या. सप्लाय पिनला अगदी खेटून १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावा.

बहुतेक वेळा दोष असतो तो कोडमध्ये. फ्लॅशवर लिहिताना १ चा ० होतो. ० चा परत १ करायला इरेजच (पुसणंच) लागतं, तेही एकावेळी किमान ४ केबीच्या सेक्टरचं. न पुसता ०एफवर एफ० लिहिलंत तर ०० मिळेल.

त्याहून फसवी चूक पेजची. पेज म्हणजे एका दमात लिहिता येणारा तुकडा, २५६ बाइटचा. रेकॉर्ड २४ बाइटचा असेल तर दहा रेकॉर्ड २४० बाइटांत बसतात. अकराव्याचे १६ बाइट पेजमध्ये मावतात आणि उरलेले ८ पुढच्या पेजवर न जाता त्याच पेजच्या सुरुवातीला, पहिल्या रेकॉर्डवर जाऊन बसतात. एरर काहीच येत नाही. रेकॉर्ड सरळ ३२ बाइटचा करा. चिपच्या ८ एमबीत २,६२,१४४ रेकॉर्ड बसतात, म्हणजे मिनिटाला एक धरला तर १८२ दिवसांची नोंद.

प्रत्येक प्रोग्राम (लिहिणं) आणि इरेजआधी ०६, म्हणजे लिहिण्याची परवानगी देणारी कमांड, द्या आणि त्यानंतर सीएस वर न्या. पुढची कमांड सीएस पुन्हा खाली आणूनच. मग ०५ने स्टेटस वाचत बिझी बिट शून्य होईपर्यंत थांबा. इथे ठरावीक डिले टाकणं धोक्याचं. सेक्टर इरेजला साधारण ४५ मिलिसेकंद लागतात, पण डेटाशीटची कमाल मर्यादा ४०० आहे. ५० चा डिले टेबलावर चालतो, साइटवर कधीतरी दगा देतो. चिप बिझी असताना दिलेला डेटा ती मुकाट्याने सोडून देते.

पुढचा रेकॉर्ड कुठे लिहायचा तो पत्ता एकाच सेक्टरमध्ये दर मिनिटाला पुसून लिहू नका. सेक्टरची हमी एक लाख इरेजची. ती सत्तर दिवसांत संपते. पत्ता साठवूच नका. प्रत्येक रेकॉर्डमध्ये अनुक्रमांक ठेवा, चालू होताना ते वाचत जा आणि सगळ्यात मोठा सापडला की त्याच्या पुढे लिहा. पुढचा सेक्टर मात्र आधीच पुसून ठेवा.

शेजारची मोठी मोटर सुरू होताना व्होल्टेज खाली बसतं आणि लिहिता लिहिता रेकॉर्ड अर्धवट राहतो. म्हणून अनुक्रमांकासोबत सीआरसीही (रेकॉर्ड शाबूत आहे का ते ताडून पाहायची संख्या) ठेवा. ती जुळली नाही तर तेवढाच रेकॉर्ड वगळा, सेक्टर पुसू नका. कंट्रोलरचं ब्राउन-आउट रीसेटही (व्होल्टेज ठरलेल्या पातळीखाली गेलं की कंट्रोलर थांबवणारी सोय) चालू ठेवा; ३.३ व्होल्टवरच्या एटीमेगा३२८पीसाठी २.७ व्होल्टची पातळी योग्य.